जुन्या झाडांच्या परड्यात नव्याने राहायला आलात तर

कोकणात घर विकत घेतलं किंवा आजोबांचं बंद घर पुन्हा उघडलं, की घराबरोबर चार-सहा मोठी झाडंही ताब्यात येतात. मागच्या परड्यात रायवळ आंबा, विहिरीजवळ फणस, गडग्याला लागून माड, कोपऱ्यात रातांबा नाहीतर जांभूळ. नव्या मालकाचं पहिलं काम बहुधा झाडं तोडणाऱ्याला फोन करण्याचं असतं. कौलांवर पाला पडतो, घरात अंधार होतो, वादळात पडलं तर काय? तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण मोठ्या झाडाची निगा जमिनीपासून सुरू होते आणि करवत अगदी शेवटी येते. खाली त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं वर्ष हात आखडता ठेवा

एक जून ते पुढचा मे असं पूर्ण चक्र बघितल्याशिवाय कुठल्याही मोठ्या झाडाची जिवंत फांदी काढू नका. घरावर लोंबकळणारी वाळलेली फांदी याला अपवाद, ती लगेच काढा. बाकीच्यांची वही ठेवा: पालवी कधी आली, मोहोर कुठल्या बाजूला आला, कुठली फांदी मोहोरलीच नाही, पावसात पाणी कुठे साचलं, दुपारची सावली कुठल्या भिंतीवर पडते.

हे लिहून ठेवण्याचं कारण साधं आहे. फेब्रुवारीत पांगारा, काटेसावर, चाफा ही झाडं निष्पर्ण दिसतात आणि शहरातून आलेला माणूस ती मेली असं समजून कापायला काढतो. शंका आली तर पेन्सिलीएवढ्या डहाळीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. पश्चिमेच्या ज्या फांदीमुळे अंधार होतो म्हणून तुम्ही वैतागला आहात, तीच एप्रिल-मे महिन्यांत भिंत तापू देत नाही, हेही एक उन्हाळा काढल्यावरच कळतं.

जमीन: इथेच झाडं मारली जातात

भिरूड (खोड पोखरणारी अळी), बुरशी, वादळ यांची भीती सगळ्यांना असते. पण घराजवळचं मोठं झाड मरतं ते बहुतेक वेळा मालकाच्या बांधकामामुळे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. आपल्याकडे खाली जांभ्याचा कातळ लागला की मुळांना खोल जायला वावही नसतो, ती आडवीच धावतात. त्यामुळे 'बुंध्यापासून चार फूट सोडून खणलंय' या वाक्याला काही अर्थ नाही.

किती जागा सोडायची, याचा झाडांच्या जाणकारांमध्ये एक चालू हिशेब आहे. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा म्हणजे व्यास मिळेल, आणि व्यासाला १२ ने गुणा. घेर १९० सेंटिमीटर भरला तर व्यास साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे बुंध्याभोवती सव्वासात मीटर त्रिज्येचं वर्तुळ. या वर्तुळात चिऱ्यांचा ट्रक उभा करायचा नाही, वाळू-खडीचे ढीग टाकायचे नाहीत, सिमेंट कालवायचं नाही, मिक्सर धुतलेलं पाणी सोडायचं नाही. आणि जेसीबी तर त्याच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही. त्याच्या एका फेरीत माती इतकी दबते, की पुढची कित्येक वर्षं तिच्यात हवा आणि पाणी नीट शिरत नाही.

परडं लहान असलं की एवढी जागा सोडणं शक्य होत नाही, हे मान्य. मग निदान पाण्याची पाइपलाइन किंवा सांडपाण्याचा चर झाडाजवळून न्यायचा असेल तेव्हा मशीन लावू नका. दोन गडी लावून कुदळ-फावड्याने उकरा, अंगठ्याहून जाड मूळ लागलं की ते तसंच ठेवा आणि पाइप त्याच्या खालून सरकवा. दिवसभराची मजुरी वाढते. पण कापलेल्या मुळाचा परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार वर्षांनी एका बाजूचा शेंडा वाळायला लागतो. तोवर ठेकेदार दुसऱ्या गावात असतो आणि दोष 'कसल्याशा रोगाला' दिला जातो.

दुसरी गोष्ट भरावाची. अंगण सपाट करायचं म्हणून बुंध्याभोवती दोन फूट लाल माती ओतली जाते. बुंधा जमिनीत शिरताना जिथे फाकतो, तो फाकलेला भाग कायम उघडा दिसला पाहिजे. खांबासारखा सरळ बुंधा जमिनीत घुसलेला दिसला, तर कोणीतरी पूर्वी भराव टाकलेला आहे असं समजा. सालीवर पावसाळाभर ओली माती चिकटून राहिली की साल कुजते. असा भराव हाताने, हळूहळू, पावसाळ्याच्या तोंडावर बाजूला करा. आंब्याभोवती चिऱ्यांचा पार बांधायची हौस असेल तर आत माती न भरता बांधा आणि जमिनीलगत पाणी निघायला फटी ठेवा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवू नका.

आणि पातेरा. कोकणात सकाळी पातेरा गोळा करून पेटवायची सवय आहे, ती या झाडांपुरती तरी सोडा. इथे पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि मातीतली अन्नद्रव्यं धुऊन नेतो. पडलेल्या पानांमधून त्यातली काही झाडाला परत मिळतात. पातेरा फांद्यांच्या घेराखाली पसरवा, जाडी वीतभर, बुंध्यापासून मात्र हातभर मोकळं. साप येईल ही भीती अनाठायी नाही, म्हणून घराच्या दाराकडची बाजू झाडलेली ठेवा आणि ढीग न करता पसरूनच टाका.

एप्रिलची पाहणी

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. दोन्ही तारखा पाऊस स्थिरावण्याच्या आधीच्या आहेत. म्हणून पाहणी एप्रिलमध्ये करा आणि धोक्याची कामं १० मेपर्यंत उरका. मेअखेर कामाला माणूसही मिळत नाही.

झाडाभोवती दोन फेऱ्या मारा. पहिली लांबून, दुसरी बुंध्याशी. लांबून बघताना शेंडा विरळ झालाय का, एखादी मोठी फांदी निष्पर्ण आहे का, झाड पूर्वीपेक्षा जास्त कललंय का, हे बघायचं. जन्मापासून कललेलं झाड आणि नुकतं कललेलं झाड यांत फरक असतो. जुन्या कलाचं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वाढलेलं असतं. नव्या कलाच्या झाडाच्या पाठीमागे, म्हणजे कलाच्या उलट बाजूला, जमीन उचललेली किंवा भेगाळलेली दिसते. असं दिसलं तर त्या बाजूच्या खोलीत झोपणं बंद करा आणि जाणकार माणसाला त्याच दिवशी बोलवा.

जवळून बघायच्या जागा तीन. पहिली दुबेळकं. दोन जाड खोडं एकमेकांना इंग्रजी व्ही अक्षरासारखी चिकटून वाढली असतील आणि मध्ये साल आत दबलेली दिसत असेल, तर तो जोड कच्चा असतो. रुंद, यू अक्षरासारखं बेचकं सहसा भक्कम असतं. दुसरी जागा बुंध्याचा तळ. तिथे फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल तर आतलं लाकूड कुजतंय. पावसात पातेऱ्यावर उगवणारी नाजूक छत्र्यांची अळंबी वेगळी, तिची चिंता नको. तिसरी जागा ढोली.

ढोलीला लोक फार घाबरतात. झाडाचं जिवंत काम सालीलगतच्या थरात चालतं, मधलं लाकूड पोकळ झालं तरी झाड वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. भोवतीच्या घट्ट लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश उरली असेल तर धोका सहसा कमी धरतात. लाकडी हातोडीने खोडावर गोल फिरून ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक तुमच्या कानालाही कळेल. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धत आहे, तिने फायदा होत नाही: सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, फट पडते आणि आत ओल कोंडते. पाणी काढून द्यायला भोकही पाडू नका, त्याने कूज निरोगी लाकडात शिरते. शिवाय ढोली रिकामी असेलच असं नाही. कोकणातला धनेश अशाच जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो, मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. उन्हाळ्यात ढोलीखाली फळांच्या बिया आणि विष्ठेचा सडा दिसला, तर धोका नसलेल्या त्या झाडाचं काम पावसानंतरवर ढकला.

दगडफूल, शेवाळ, नेचे, सीतेची वेणी ही मंडळी फांद्यांवर फक्त बसायला येतात, झाडाचं काही खात नाहीत. ती खरवडून साल सोलण्याचे उद्योग करू नका. वड-पिंपळाचं रोप बेचक्यात उगवलं असेल तर मात्र बोटभर असतानाच मुळासकट उपटा.

कापायचंच असेल तर

वाळलेली फांदी पाऊस नसताना कधीही काढता येते. जिवंत मोठी फांदी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. पावसाळ्याच्या तोंडावरची ताजी जखम महिनोन् महिने ओली राहते, आणि आंब्याच्या भिरुडाचे भुंगे साधारण त्याच सुमाराला बाहेर पडून सालीच्या फटींत अंडी घालतात. त्या फांदीचा त्या वर्षीचा मोहोर जाईल, तो जाऊ द्या.

मनगटाहून जाड फांदी तीन घावांत काढायची असते, आणि गड्याला हे समोर उभं राहून सांगावं लागतं. पहिला घाव खोडापासून हातभर अंतरावर, खालून वर, फांदीच्या पाव ते एक-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी तुटून पडते आणि पहिल्या घावामुळे खोडाची साल सोलत जात नाही. आता हातात उरतो वजन नसलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, किंचित सुजलेली कडी दिसते. तिसरा घाव त्या कडीच्या बाहेर, ती न दुखावता. खोडाला सपाट घासून कापलं तर जखम मोठी होते, वीतभर खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. जखम भरून काढणारी साल त्या कडीतूनच येते.

जखमेवर डांबर फासू नका. आपल्या हवेत बोर्डो पेस्ट लावायची चाल आहे: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पेस्ट चुकीचा घाव दुरुस्त करत नाही, एवढं लक्षात असू द्या.

एका वर्षात पानोऱ्याच्या, म्हणजे पानाफांद्यांच्या एकूण पसाऱ्याच्या, चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नका. जुन्या झाडाला तेवढंही जडच जातं. आणि शेंडा छाटून झाड 'बुटकं' करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी नाही म्हणा. मुंडण केलेल्या झाडाला दोन पावसांत झुबक्यांनी फुटवे येतात, ते वरवर सालीला चिकटलेले असतात आणि पाच-सात वर्षांनी जाड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात. घरासाठी भीती वाटत असेल तर घराकडच्या मोजक्या लांब फांद्या त्यांच्यावरच्या एखाद्या बाजूच्या फाट्यापर्यंत आखूड करा.

विजेच्या तारांना टेकलेली फांदी स्वतः किंवा गड्याकरवी कापू नका. महावितरणच्या कचेरीत अर्ज द्या, लाइन बंद झाल्याची खात्री करा, मगच माणूस चढवा.

माडाचं शास्त्र निराळं

वरचं बरंचसं माडाला लागू नाही. माडाला एकच शेंडा असतो, तो गेला की माड गेला. आणि त्याच्या खोडाला साल भरून आणणारा थरच नसतो, त्यामुळे जखम कधीच भरत नाही. चढायला पाडलेल्या खाचा, कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी ठोकलेला खिळा, कंपाउंडची तार, सगळं जन्मभर तसंच राहतं, आणि अशा जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो.

हिरव्या झावळ्या तोडून माड 'साफ' करायची पद्धत बंद करा. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. हिरवी झावळी तोडली की तिच्या बगलेतल्या पेंडीचा आधार आणि अन्न दोन्ही जातं. पूर्ण वाळून लोंबणारी झावळीच ओढून काढायची. घराच्या किंवा वाटेच्या डोक्यावर माड असेल तर वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ दर दीड-दोन महिन्यांनी उतरवून घ्या. त्याखाली गाडी लावू नका, पोरांना खेळू देऊ नका.

उमललेल्या झावळ्यांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा शेंड्यात आहे. माडावर चढणाऱ्याला आकडी घेऊन वर पाठवा, तो भोकातून भुंगा ओढून काढतो. नंतर शेंड्याजवळच्या दोन-तीन झावळ्यांच्या बगलेत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकायची. पण भुंग्याचं माहेर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गायरीत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, असतं. कुजलेल्या शेणात पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतील. गायरी वरखाली करून त्या कोंबड्यांपुढे टाका, हा उपाय सगळ्यांत स्वस्त. सोंड्या भुंगा जास्त वाईट: खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट रस आणि चोथा येतो, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा झुकल्यावर उपाय सहसा उरत नाही. शंका येताच भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचा किंवा गावच्या कृषी सहायकाचा सल्ला घ्या.

पावसाच्या आधी आणि नंतर शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण फवारून घेतलं तर कोंब कुजण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १०० लिटर पाण्यात, वरच्या पेस्टपेक्षा दहापट पातळ.

भिरूड आणि बांडगूळ

आंब्याच्या बुंध्याशी सकाळी करवतीखाली पडतो तसला ओलसर भुसा दिसला तर गुडघे टेकून बसा आणि तो कुठून पडतोय ते शोधा. भुशाच्या बरोबर वर, सालीच्या फटीत, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक असतं, कधी त्यातून डिंक गळतो. आत बोटाएवढी, पिवळट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी आहे, हीच भिरूड. सायकलच्या आरीच्या टोकाला आकडा करा आणि भोकात फिरवत आत घाला. बोगदा वर वळलेला असला तर तार तशी वाकवा. तारेला मऊसर अडकल्याचं जाणवलं की पिळून बाहेर ओढा. भोक साफ करून कृषी सहायक सांगेल त्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबा आणि चिकणमातीने तोंड लिंपा. आठवड्याने पुन्हा बघा. ताजा भुसा पडला असेल तर अळी अजून आत आहे, किंवा तुम्ही चुकीच्या बोगद्यात गेला आहात.

वाळवीची मातीची लिंपण मात्र बहुधा फक्त मेलेल्या सालीवर असते. खराट्याने झाडून टाका.

बांडगूळ ओळखायला उन्हाळा बरा. आंब्यावर आंब्याच्या नसलेल्या पानांचा दाट गुच्छ दिसतो. त्याची चिकट फळं फुलटोच्या हा इवलासा पक्षी खातो आणि बिया दुसऱ्या फांदीला चिकटवतो. नुसता गुच्छ ओरबाडला तर पुन्हा फुटतो. फांदी बारीक असेल तर बांडगुळाच्या गाठीखाली हातभर सोडून फांदीच कापा, आणि फळं धरण्याआधी.

खत आणि पावसाळा थोडक्यात

दहा वर्षांवरच्या आंब्याला वर्षाला पन्नासेक किलो चांगलं कुजलेलं शेणखत पुरेसं, जूनमध्ये पहिला पाऊस झिरपल्यावर, फांद्यांच्या घेराखाली उथळ चर काढून. चर कुदळीने खोल नेऊ नका, वर सांगितलेली मुळं तिथेच आहेत. मोहोरासाठी कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) घालण्याचा आग्रह होईल. ते बागायतदाराचं गणित आहे, परड्यातल्या एका झाडाला त्याची गरज नाही. पावसात बुंध्याशी आळं ठेवू नका, पाणी वाहून जाऊ द्या. वाढलेल्या आंब्या-फणसाला उन्हाळ्यात पाणी लागत नाही, माडाला लागतं.

परवानगी आणि माणसं

आपल्या जागेतलं झाड आपण कधीही तोडू शकतो, हा गैरसमज आहे. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशी आपल्या परड्यांतली कितीतरी झाडं आहेत, आणि चौकशी वनखात्याच्या कचेरीत करायची. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिथे पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. अर्जाला झाडाचे चारही बाजूंनी फोटो आणि सातबारा जोडा. जुन्या कोकणी सातबाऱ्यावर बहुधा आठ-दहा नावं असतात, त्यांची संमती मिळवायलाच सगळ्यांत जास्त वेळ जातो, तेव्हा ती आधी सुरू करा.

माणूस निवडताना तीन प्रश्न विचारा. फांदी दोरीने बांधून उतरवणार की तशीच सोडणार? तिसरा घाव कुठे घालणार? चढताना कमरेला पट्टा लावणार का? पायाला खिळ्यांचे बूट बांधून जिवंत झाडावर चढणारा नको. 'एवढं कशाला, सगळंच काढून टाकू' असं म्हणणाऱ्याला लाकडात रस असतो. म्हणून दोर वर जाण्याआधीच लाकूड कोणाचं, फांद्या उचलणार कोण आणि कौलं फुटली तर भरणार कोण, हे कागदावर लिहून दोघांनी सही करा.